चौथी खूण

सूर्यकांतची अख्खी नोकरी जुनी चित्रं नव्या जमिनीवर बसवण्यात गेली. विमानातून काढलेला जुना फोटो स्कॅन करायचा, तेव्हाही होत्या आणि आजही आहेत अशा जागा हुडकायच्या आणि त्या खुणा जुळवून फोटो आजच्या नकाशावर ताणून बसवायचा. हाताखालच्यांना तो एकच गोष्ट ऐकवी: तीन खुणांवर कुठलाही फोटो मुकाट बसतो, चूक दाखवते ती चौथी खूण.

तो निवृत्त झाल्यावर अलकनंदानं, त्याच्या बायकोनं, पहिल्यांदाच त्याच्या कामातलं काही मागितलं. त्यांची पहिली मुलगी आठवड्याच्या आत गेली, तेव्हा ते गुडगावला भाड्यानं राहत. इतक्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत. सूर्यकांत आणि घरमालक तिला शेतातल्या एकट्या बाभळीखाली ठेवून, विहिरीवर हातपाय धुऊन परतले. बाळंतिणीनं जायचं नसतं, म्हणून अलकनंदा गेली नव्हती. पुढं गुडगावचं गुरुग्राम झालं. बाभळीचं काय झालं, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

"मला फक्त एकदा तिथं उभं राहायचंय," ती म्हणाली. "सगळ्या देशाच्या जागा शोधल्यात तुम्ही."

त्या वर्षीचा फोटो मिळाला. बाभूळ म्हणजे एक काळा ठिपका. रेल्वेफाटक, तलावाचा कोपरा, देवळाचा कळस आणि ती विहीर. तिच्यावर आता जाळी होती, पण ती जागची हलली नव्हती. चारही खुणा लावल्यावर ठिपका पडला तो एका उंच सोसायटीच्या तळघरात, पार्किंगकडे जाणाऱ्या उतारावर. सूर्यकांतनं पुन्हा करून पाहिलं. ठिपका तिथंच. मग त्यानं विहीर काढून टाकली. ठिपका सरकून शेजारच्या हिरवळीवर गेला. संगणक भिडस्त, त्यानं चूक शून्य दाखवली.

ओळखीतली रुचिरा त्याच सोसायटीत राहायची, म्हणून आत जाता आलं. हिरवळीपाशी अलकनंदानं चपला काढल्या.

"नक्की इथंच ना हो?"

"बिल्कुल," सूर्यकांत म्हणाला. 'थोडंफार इकडंतिकडं' असं जोडल्याशिवाय त्यानं उभ्या जन्मात कुठलीच जागा सांगितली नव्हती.

ती खाली बसली आणि झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा गवतावरून हात फिरवत राहिली. माळी येऊन सांगून गेला की घास पर बैठना मना है. तिनं मान डोलावली आणि बसूनच राहिली.

एकदाच म्हणाली होती. आता दर शनिवारी जाते. रुचिराच्या मुलीला मराठी शिकवायचं निमित्त आहे. त्या मुलीला 'अंगण' म्हणजे बाल्कनी वाटते. अलकनंदाला हल्ली झोप लागते, जेवण जातं. खरं सांगायची सोय त्यामुळं उरलेली नाही.

बाहेरच्या टॅक्सीनं माणसं तळघरातच उतरवायची, असा सोसायटीचा नियम आहे. टॅक्सी वळली की अलकनंदा मांडीवरची फुलं सावरते. सूर्यकांत ड्रायव्हरला हळूच म्हणतो, "भैया, ज़रा धीरे," आणि उतार संपेपर्यंत दोन्ही पाय अधांतरी उचलून धरतो.