९९७३ला भाग जात नाही

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबं ठेवून झाली, नारळ फुटला, पेढे वाटले, तरी अमरसिंह आप्पांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखंच. त्यांना गाडीला नंबर हवा होता ९९९९. तो सिरसाळ्याच्या विरोधकानं आधीच पटकावला आणि आप्पांच्या वाट्याला आला ९९७३. दिंद्रुडच्या पट्ट्यात आप्पांच्या एका फोनवर रस्ते होतात, बदल्या थांबतात. नेमका ह्या वेळी फोन उशिरा गेला.

त्यांची लेक संस्कृती ओसरीवरून ही गंमत बघत होती, पण तिला हसू येत नव्हतं. बारावी झाली होती, तिला पुण्याला जाऊन गणित शिकायचं होतं आणि फॉर्मवर आप्पांची सही हवी होती. परवा शेवटची तारीख. आप्पांचं म्हणणं ठरलेलं: बीडला क्लास लाव, डॉक्टर हो, गणितानं कुणाचं भलं झालंय?

“आप्पा, तुमचा नंबर लई भारी हाय,” तिला राहवेना. “९९९९ला तीननं भाग जातो, नऊनं जातो, अकरानं जातो. कुणीबी यावं अन् वाटे करावेत. ९९७३ला एक अन् ती स्वतः सोडून कशानंच जात न्हाई. मूळ संख्या हाय ती. चार आकड्यांतली सगळ्यांत मोठी.”

“कशानंच न्हाई?” आप्पा सरसावून बसले. “बद्री, वही आण.”

बद्रीनाथ म्हणजे आप्पांचा ड्रायव्हर आणि पक्का होयबा. वही देता देता म्हणाला, “आप्पा, तुमी म्हणलं तर जाईल की भाग!”

संस्कृतीनं शंभराच्या आतल्या पंचवीस मूळ संख्या लिहून दिल्या; बाकीच्या संख्या ह्यांच्याच गुणाकारातून होतात, म्हणून एवढ्याच तपासल्या तरी पुरे. आप्पा भागाकाराला भिडले. चहा दोनदा गार झाला. सातनं भागलं, पाच उरले. तेरानं भागलं, दोन उरले. सत्त्याण्णवनं भागलं तर चक्क एकोणऐंशी.

“पुढं एकशे एक हाय की. इथंच थांबायचं कावून?”

संस्कृती वहीजवळ सरकली. आप्पांनी तिच्या गणिताबद्दल विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता.

“शंभराच्या वरच्यानं भाग गेला, तर उत्तर शंभराच्या आतलं येणार. अन् शंभराच्या आतलं काहीच चालत न्हाई, हे तुमीच आत्ता तपासलं.”

आप्पांनी पेन खाली ठेवला.

“म्हंजे कायमचं?”

“कायमचं.”

“मंत्र्याचा फोन आला तरी?”

“तरीबी न्हाई जाणार.”

आप्पा एवढ्या मोठ्यानं हसले की गोठ्यातली म्हैस दचकली. मग वही मिटून म्हणाले, “फॉर्म आण तुझा.”

त्यांनी सही केली. बद्रीनाथनं लगबगीनं मोबाईल काढला. “आप्पा, पुण्यात कुणाला सांगून ठिवू का, ताईचं काम होईल?”

“ठिव बे तो फोन खाली,” आप्पा म्हणाले. “जिथं माझा फोन चालत न्हाई, तेच शिकाया चाललीय ती.”