तुंबलेल्या गटाराला प्रलय म्हणू नका

मी एक जुना शब्द आहे. माझं नाव प्रलय. दचकलात ना? दचका खुशाल, पण आधी माझं घराणं तरी विचारा!

मित्रांनो, 'ली' हा संस्कृत धातू आमचा मूळपुरुष. त्याचा अर्थ विरघळणं, मिसळून जाणं. गाणं ऐकताना तुम्ही तल्लीन होता ना? तो तल्लीन माझा चुलतभाऊ. जुन्या लोकांनी मला एकच काम दिलं होतं. सगळं जग जिथून आलं तिथेच परत विरघळून गेलं, की त्याला प्रलय म्हणायचं. काम एवढं मोठं, म्हणून मला क्वचितच बोलवायचे. मी मानानं जगलो.

मग मी बातम्यांच्या एका वाहिनीत जाऊन पडलो आणि माझी पार रया गेली. तिथल्या संपादकांनी मला लाल पट्टीत भरून संगणकाच्या एका कळीवर बसवलं. गटार तुंबलं, दाब कळ. झाड पडलं, दाब कळ. नुसता वैताग!

एका दुपारी धरणाचं पाणी खरंच सोडलं. पट्टी लिहिणाऱ्या ताईची आई नदीकाठी एकटी राहायची. ताईनं घाईघाईनं फोन लावला. "आई, लगेच घर सोड! टीव्ही बघितलास ना? प्रलय..."

"परवाही तुमचा प्रलयच होता गं," आई हसली. "माझे वाळत घातलेले कपडेसुद्धा भिजले नाहीत. ठेव आता, भाजी करपतेय."

फोन बंद. असा संताप आला म्हणून सांगू! तिच्या जिवावर बेतलं होतं आणि माझ्यावर तिचा काडीचा विश्वास उरला नव्हता.

ताईनं मला पट्टीवरून पुसून टाकलं.

"अगं, बातमीतला दम गेला!" संपादक ओरडले.

"जाऊ दे गेला तर. माझी आई आहे तिथे, साहेब." तिनं साधंच लिहिलं, 'धरणाचं पाणी सोडलंय. तासाभरात नदीकाठच्या घरांत शिरेल. आत्ताच निघा. टेकडीवरच्या शाळेत जा.'

थोड्या वेळानं आईचाच फोन आला. "टीव्हीवर वाचलं गं. औषधं घेतलीत, शेजारणीलाही ओढून काढलंय. चढ लागलाय, नंतर बोलते." ताई टेबलावर डोकं टेकून रडली.

मला पुसलं म्हणून मी रुसलो असेन? छे! मी तर म्हणालो, शाब्बास पोरी!

तेव्हा मित्रांनो, निक्षून सांगतो. गटार तुंबलं तर गटार तुंबलं म्हणा, मी येणार नाही. जगाचा शेवट आला, तर न बोलावता हजर होईन. आणि कुणाचा जीव वाचवायचा असेल, तर माझा नाद सोडा. पाणी कुठवर आलंय आणि पळायचं कुठे, तेवढं सांगा.