गादीवर गादी फुकट

भगवंतराव वांग्याची रोपं घ्यायला निघाले की तीन रोपवाटिका पालथ्या घालत. रोप उपटून मुळी बघत, पान चुरगळून वास घेत, मगच खिशात हात घालत. असा चोखंदळ माणूस, पण जन्मदात्या आईसाठी गादी घेतली ती अवघ्या दहा मिनिटांत! त्यांना तरी काय नावं ठेवायची? आपण सगळे त्यातलेच. मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करतो आणि ‘सेल’चा फलक दिसला की डोळे मिटून आत शिरतो.

त्यांची आई गयाबाई माघात अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय बघता ऑपरेशन नको असं ठरलं. डॉक्टर म्हणाले, “चांगली गादी घ्या आणि दर दोन तासांनी कूस बदलत राहा. पाठीला जखम झाली तर हाताबाहेर जाईल.” भगवंतरावांनी त्यातली गादी तेवढी ध्यानात ठेवली.

वाशीमला भाजी उतरवून नवराबायको परत निघाले, तर रस्त्यावरच फलक होता : ‘आज शेवटचा दिवस! गादीवर गादी फुकट! दोन उशा, एक चादर भेट!’ भगवंतरावांची पावलं आपोआप तिकडे वळली.

“आवो, थांबा ना,” अंजना म्हणाली. “जवळच्या मालेगावच्या दुकानातबी पाहू. म्या परवा विचारलं तं तो पयले म्हने, झोपनार कोन हाये? आठ दिस वापरून पाहा, नाई पटली तं वापस आना म्हने.”

“तो भाव कमी करते का?”

“नाई करत.”

“मंग? इथं आज शेवटचा दिवस हाये, अन् तू मालेगावले जाऊन राह्यली!”

आतल्या विक्रेत्याने विचारलं ते एवढंच, “बजेट किती?” गादी वीतभर जाड आणि गुबगुबीत होती. भगवंतरावांनी उभ्याउभ्या पंजाने दाबली. अंजना म्हणाली, “जरा आडवी होऊन पाहू का?” त्यांनी डोळे वटारले. “चार मानसांत आडवी होतं का? लाज हाये का नाई?” आणि त्यांनी पैसे मोजून दिले.

घरी गाडीतून गाद्या उतरल्या तेव्हा आळी गोळा झाली. फुकटच्या उशा हातोहात फिरल्या. बिलाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘सात दिवसांत बदलून मिळेल, कव्हर न फोडता.’ म्हणून गादीचं प्लास्टिक काढायचंच नाही असं ठरलं. सात दिवस सरले तरी कोणी ते काढलं नाही. नवीकोरी गादी मळेल ना! दुसरी, फुकटची, तशीच गुंडाळून माळ्यावर गेली.

उन्हं तापू लागली होती. प्लास्टिकवर म्हातारीची पाठ घामाने निथळायची आणि गादी तर कमरेखाली अशी दबली, की ती खड्ड्यात पडल्यासारखी दिसे. कूस बदलायला गेलं तरी अंग घरंगळून परत तिथंच येई. लेक कौतुकाने विचारी, “माय, कशी हाये गादी?” ती म्हणे, “चांगली हाये बापा.” त्याने हौसेने आणलेली वस्तू वाईट कशी म्हणायची?

विसाव्या दिवशी अंजनाला सासूच्या पाठीवर जखम दिसली. पैशाएवढी दिसणारी ती जखम आत मात्र खोल गेली होती.

आरोग्य उपकेंद्रातली सिस्टर राधिका ड्रेसिंगला आली. तिने चादर उचलली, प्लास्टिक पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “काका, हे काय करून ठेवलं तुमी!”

“अवं, इतली जाड गादी आनली मायले.”

“जाडीनं काय होते? आतला फोम हलका हाये. खाटेवर पडून राहनाऱ्या मानसाले घट्ट गादी पाह्यजे, वरून हवेची गादी. मले नाई तं मेडिकलवाल्याले विचारलं असतं तरी त्यानं सांगतलं असतं.”

“पन एकावर एक फुकट होती ना...”

“काका, तुमी एका वांग्यासाठी तीन रोपवाटिका फिरता. मायसाठी तीन दुकानं फिरले का? कोन झोपनार, आत काय भरलं, वापस घेतीन का, हे विचारलं का? तुमी गादी नाई घेतली, फलक घेतला!”

 दुसऱ्या दिवशी भगवंतराव वाशीमच्या दुकानात गेले. फलक तसाच होता : ‘आज शेवटचा दिवस!’ तीन आठवडे झाले, तरी शेवटचा दिवस सरला नव्हता! मालक म्हणाला, “वॉरंटी शिलाईची असते. गादी दबणारच. आणि सात दिवस उलटले.”

तिथून ते मालेगावला गेले. दुकानदाराने विचारलं, “झोपनार कोन हाये?” भगवंतरावांनी आईच्या जखमेपर्यंत सगळं सांगितलं. मग गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात ते चप्पल काढून गादीवर आडवे झाले. आई झोपायची तसे, डाव्या कुशीवर, पाव तास. लोक हसले, पण ते उठले नाहीत.

घट्ट गादी घरी आली, वरून हवेची आली. गयाबाईने पाठ टेकवली आणि पहिल्यांदाच म्हणाली, “आता बरं वाटते रे बापा.” त्या शब्दांनी लेकाचं काळीज चिरलं. म्हणजे याआधी बरं वाटत नव्हतं! जखम मात्र भरली नाही. ती पसरत गेली, ताप चढला आणि अकराव्या दिवशी सकाळी म्हातारी गेली.

तेराव्यानंतर शेजारचे देवानंद आले. “भगवंतराव, पोरीच्या आंदनासाठी गादी घ्याची हाये. ते वाशीमचं दुकान कोनतं? तिथं आज शेवटचा दिवस हाये म्हनते.”

भगवंतराव उठले. त्यांनी माळ्यावरून फुकटची गादी काढून ओसरीवर अंथरली, प्लास्टिकसकट.

“झोपा हिच्यावर.”

“आत्ता? लोकं पाह्यतीन ना!”

“पाहू द्या. पाव तास उठू नोका.”

देवानंद संकोचून आडवे झाले. थोड्याच वेळात पाठ भिजली, कंबर खाली गेली, ते चुळबुळू लागले. “उठू का आता?”

“माय एकवीस दिस होती अशी,” भगवंतराव म्हणाले, “अन् मले चांगली हाये म्हनत राह्यली!” आणि हा म्हातारपणाकडे झुकलेला माणूस ओसरीवर ओक्साबोक्शी रडला.

बंधुभगिनींनो, आपली घाई हेच दुकानदाराचं भांडवल असतं. वस्तू कोणासाठी घेतोय हे आधी ठरवावं, चार ठिकाणी विचारावं, बारीक अक्षरं वाचावीत आणि लाज सोडून पाठ टेकवून बघावी. फुकट मिळालेल्या गादीची किंमत कोणाच्या तरी पाठीला मोजावी लागते. भगवंतरावांना हे कळलं, पण ज्या पाठीसाठी कळायला हवं होतं ती उरली नाही.