बारकीच्या सशाचं टक्कल

टोकावड्याच्या बारकीच्या सशाला पाठीवर टक्कल पडायला लागलं, तेव्हा तिच्या मुलानं, सुदामनं, सांगून टाकलं, "आये, ही खरूज बकऱ्यांना लागली तर? बाजाराला धसईला नेतो नि कोणालातरी देऊन टाकतो."

बारकीनं बाजारापर्यंत मुदत मागितली. मुंगसाच्या भीतीनं ससा रात्री बांबूच्या उपड्या डालग्याखाली असायचाच. आता साथ पसरू नये म्हणून तिनं त्याला दिवसाही तिथंच कोंडलं आणि करंजाचं तेल चोळलं. पाठ आणखीच उघडी पडली. शेवटी त्याला पिशवीत घालून ती एसटीनं मुरबाडला गेली. गुरांच्या डॉक्टरानं कातडी खरवडून भिंगाखाली पाहिली. किडा नाही, बुरशीही नाही.

"याला ठेवता कुठं?"

"डालग्याखाली. एकटाच असतो बिचारा."

"अगदी एकटा?"

"हां. एकटाच. नि अंड्यांवर बसलेली कोंबडी. डालगं एकच हाय ना."

डॉक्टरानं पेन खाली ठेवलं. "मावशी, अंड्यांखाली बघा जरा."

बारकी घरी आली तसं सुदामनं डालगं उचललं. कोंबडीनं सशाचे केस उपटून अंड्यांखाली असली मऊ गादी केली होती, की तसली सुदामला लग्नातही मिळाली नव्हती. ससा त्यानं आता डालग्याबाहेर ठेवला खरा, पण पुढं अंडी फुटून पिल्लं निघाली ती आईला ओलांडून थेट सशाच्या पोटाखाली शिरली. कोंबडी रागानं कौलांवर जाऊन बसली, ती उतरेना.

"ने आता धसईला," बारकी म्हणाली.

"गप गो आये," सुदाम म्हणाला. "मग पिल्लं कोण सांभाळंल?"