बुधाजीचा दांडा

भगवानची कंबर कशाने धरते, याचा शोध त्या वर्षी रोडपालीत बऱ्याच जणांनी लावला. मिठागराचा मुकादम दयाराम म्हणे, टोपल्यांनी. शेजारी म्हणत, खाडीच्या वाऱ्याने. भगवानची आई जनी हिच्या मते दृष्ट लागली होती, कारण एवढा उंच माणूस त्यांच्या घरात आधी झालाच नव्हता.

१९५३चा माघ महिना होता. वाफ्यांतलं पाणी आटून तळाशी मीठ धरू लागलं होतं. बाप बुधाजी वारल्यापासून त्याचे वाफे भगवान ओढत होता. ओढायचं म्हणजे दांड्याला आडवी ठोकलेली फळी पुढे टाकायची आणि मीठ खेचत बांधाकडे आणायचं. सकाळी तो जोरात असे. दुपारी फळी सोडून बांधावर उताणा पडे.

"शिमग्यापर्यंत बघतो," दयारामने बजावलं होतं. "नाय जमलं तर वाफे दुसऱ्याला देनार. मीठ तुज्या कमरेसाठी थांबत नाय."

जनीने ओवे गावाहून वेणूला आणलं. वेणू पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेली. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, असं सगळे मानत. वेणू अंगाने चांगली भरलेली होती.

"हलू लाव गं," भगवानची बायको मैना म्हणाली. "हाय तेवडी कंबर तरी राहू दे."

"मग न्यायचा व्हता डॉक्टरकडं," वेणू पाय न काढता म्हणाली.

मैनाने खरंच नेलं. पनवेलच्या डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली आणि सांगितलं : टोपली उचलताना कमरेतून वाकू नकोस, गुडघे मोडून खाली बस, ओझं अंगाशी धर आणि पायांच्या जोरावर ऊठ. झोळ पडलेल्या बाजेवर झोपू नकोस, चटईवर झोप. भगवानने सगळं पाळलं. तो टोपलीसमोर उकिडवा बसला की गडी विचारत, "भगवान, अंडी घालतोस काय?"

गुण आला, पण अर्धाच. सकाळी कंबर मोकळी असे. टोपल्या वाहतानाही दुखत नसे. दुखे ते फक्त मीठ ओढताना. म्हणजे टोपल्या सुटल्या, बाज सुटली, वारा तर सगळ्यांनाच लागत होता. मग ओढण्यात असं काय होतं? बुधाजीने तेच काम जन्मभर केलं आणि कधी कंबर धरली नव्हती. जनीच्या डोक्यातून हे जाईना.

एके दुपारी मैनाऐवजी तीच भाकरी घेऊन गेली. बांधावरून पाहिलं तर उन्हात माणसाची नुसती काळी आकृती दिसत होती. जनी थबकली. तो बुधाजी होता. तेवढीच उंची, डोकं तेवढंच वर.

ती घाबरली नाही. मेलेला माणूस मीठ ओढायला येत नाही, हे तिला माहीत होतं. तिला खटकलं ते वेगळंच. घरात शिरताना भगवानला मान वाकवावी लागते. बुधाजी टोपी घालून सरळ आत येई. मग इथे दोघे सारखे कसे?

"दांडा उभा धर," ती जवळ जाऊन म्हणाली.

"आये, आदी भाकरी दे."

"धर म्हनते ना."

भगवानने दांडा उभा धरला. तो त्याच्या छातीला लागला.

"बाच्या कानाला लागायचा ह्यो."

"लागत आसंल. मग?"

"मग उरलेला तू कुठं ठेवतोस?"

भगवानचा हात आपोआप कमरेवर गेला.

दांडा बुधाजीच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेला होता. बापाचे वाफे ज्याच्याकडे, त्याने बापाच्याच दांड्याने ओढायचं, अशी त्या घराची रीत होती. हंगामाचं पहिलं मीठ ओढण्याआधी जनी दांड्यापुढे नारळ फोडी. आदल्या वर्षी मैनाने आपट्याहून, माहेराहून, लांब बांबू आणला होता. "याला बाचा हात नाय लागलेला," असं म्हणून जनीने तो माळ्यावर टाकला होता.

संध्याकाळी तो तिनेच खाली ओढला. भगवानच्या कानाशी धरून जादा टोक कापायला लावलं. "फळी बाचीच ठोक," एवढं मात्र तिने सांगितलं.

जुना दांडा तिने स्वतःकडे ठेवला. त्याला लहान फळी ठोकून घेतली आणि ती वाफ्याच्या कडेचं मीठ ओढू लागली. दांडा तिच्या कानाला लागत होता.

"आमी दोगं सारकीच व्हतो," ती मैनाला म्हणाली.

दुखणं एका दिवसात गेलं नाही. पण भगवान दुपारी उताणा पडायचा थांबला, बसून भाकरी खाऊ लागला.

शिमग्याच्या आधी दयाराम लांबून ओरडतच आला. "भगवान कुठं हाय? मला न इचारता ह्यो उंच गडी कुनी ठेवला?"

"जवल ये," जनी हात न थांबवता म्हणाली. "मग वलखशील."

दयाराम जवळ आला. त्याने भगवानला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"ह्यो एवडा कदी वाडला?"

"माघात," मैना टोपली उचलत म्हणाली.

दयारामने मिठाच्या राशीत हात घालून पाहिला आणि शिमग्याचं नाव न काढता तो पुढच्या बांधाकडे निघून गेला.