कुणाला काही बोलायचंय?

उज्वलाने लेबल पेटीवर न लावता टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवलं. क्रेटमधल्या चिठ्ठीवर निफाडच्या गेणू बोरस्त्यांच्या बागेचा नंबर होता आणि लेबलवर दिंडोरीच्या भलत्याच बागेचा. अशी द्राक्षं परदेशात पोचली की अख्खा कंटेनर माघारी येतो, हे पॅकहाऊसमध्ये झाडणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं.

पण सांगायचं कुणी? मागच्या हंगामात जुन्या साहेबांची चूक तिने दाखवली आणि पुढचे दोन महिने क्रेट धुण्यात काढले. बोटांना भेगा पडल्या होत्या. नव्या स्वरदा मॅडम मात्र रोज सकाळी सगळ्यांना उभं करून म्हणायच्या, "न घाबरता बोला. कुणाला काही बोलायचंय?" बायका जमिनीकडे बघत राहायच्या. उज्वलाला ते खरं वाटलं होतं. खुळीच ती!

ती केबिनमध्ये गेली.

"मॅडम, लेबलं चुकली हायेत."

"यादी मी स्वतः दिलीय."

"यादीच चुकली हाय."

मॅडमनी चिठ्ठी यादीशी ताडून पाहिली. कानापर्यंत लाल झाल्या.

"बाहेर बोलू नका," एवढंच म्हणाल्या.

चारशे पेट्यांची लेबलं बदलली. त्यात बायकांची जेवणाची सुट्टी गेली.

"लय शहाणी!" नवसाबाई करवादली. "तुझ्यापायी भाकरी डब्यातच राहिली आमची."

दुसऱ्या सकाळी मालक आले. त्यांच्या शेजारी उभ्या राहून मॅडम म्हणाल्या, "काल टेबलावरच्या बायकांनी नंबर तपासलेच नव्हते. नशीब, वेळेत माझ्या लक्षात आलं." मग आवाज गोड करून, "असो. चूक माणसाकडूनच होते. कुणाला काही बोलायचंय?"

उज्वलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडलंही होतं तिने. मग क्रेट धुण्याचा हौद आठवला आणि तिने ते मिटलं. या वेळी नवसाबाईनेही तिला टोमणा मारला नाही.

काम सुरू झालं. शेजारी रूपाली होती, सोमवारीच लागलेली. तिने एक लेबल उजेडात धरलं.

"ताई, यावर पॅकिंगची तारीख उद्याची पडलीय. मॅडमला सांगून येऊ का?"

केबिनचं दार सताड उघडं होतं. उज्वलाने पुढची पेटी ओढली.

"चिकटव," ती म्हणाली.