जमीलाबीच्या खटल्यातले सरकारी वकील

नवं सरकार आलं तसा न्यायही नव्या पक्षात जाणार, हे प्रेमानंद वानखडेंना कळून चुकलं. ते अतिरिक्त सरकारी वकील. नेमणूक जुन्या आमदारांच्या शिफारशीची. गुणवत्ता त्यांच्याकडे होतीच, पण ती कुणी विचारली नव्हती.

त्या दिवशी धाड गावच्या जमीलाबीच्या खटल्यात शेवटचा युक्तिवाद होता. बाजारातली मोक्याची जागा सोडेना म्हणून अर्जुनरावाने तिचं बांगड्यांचं दुकान पेटवलं होतं. प्रेमानंद काळा कोट चढवत असतानाच फोन आला. आदेश निघाला, तुम्ही मोकळे.

"माह्या केसचं कसं आता?" जमीलाबीने विचारलं.

"नवे साहेब येतील."

आले. शेखर! कालपर्यंत हेच अर्जुनरावाचे वकील होते, आणि दुकान बाईच्याच स्टोव्हने जळालं असं डोळ्यांत पाणी आणून सांगत होते. न्यायाधीशांनी चष्मा पुसला. "आपण आज नक्की कोणत्या बाजूला?" शेखरांनी प्रकरण सोडलं. मग तारखांवर तारखा. तिसरा वकील नेमायला सरकारला सत्कारांतून सवड होईना.

एका सकाळी अर्जुनराव पेढे घेऊन प्रेमानंदांच्या ओसरीवर हजर.

"शेखरभाऊ तिकडं गेले, तुमी इकडं या. हिशेब बराबर! मी दुकान कसं पेटवलं, हे तुमच्याइतकं कोणाले मालूम हाय?"

प्रेमानंदांना क्षणभर मोह झाला. सरकारने एका फोनवर हाकललं होतं, ते अजून झोंबत होतं. इथे निदान आरोपीला तरी त्यांची कदर होती.

आतून त्यांच्या पत्नी गीताबाई म्हणाल्या, "घ्या की! त्या बाईले पाहून मान खाली घालाची सवय करून घ्या म्हंजे झालं."

प्रेमानंदांनी पेढे परत केले. दुपारी धाडची एसटी पकडून ते स्वतःच जमीलाबीकडे गेले आणि वकीलपत्रावर तिची सही घेतली. आता ते फिर्यादीचे खासगी वकील. सरकारी वकिलाच्या मागच्या खुर्चीत बसायचं आणि लेखी युक्तिवाद द्यायचा, एवढाच अधिकार.

अखेर सुचिता नावाच्या तरुण वकीलबाई नेमल्या गेल्या. त्या नव्या सत्ताधाऱ्यांच्या भाची होत्या, पण अपघाताने हुशारही निघाल्या. प्रेमानंदांचा युक्तिवाद त्यांनी मन लावून वाचला, त्यात स्वतःची भर घातली आणि कोर्टात ठणकावून मांडला. अर्जुनराव तुरुंगात गेला. नव्या सरकारच्या गतिमान न्यायाबद्दल चौकात फलक लागला. त्यावर शेखरांचा फोटो सगळ्यात मोठा होता.

जमीलाबीने पुन्हा दुकान मांडलं. प्रेमानंद दिसताच तिने हाक मारली.

"वकीलसाब, पुढची निवडणूक कधी हाय?"

"काऊन?"

"अर्जुनराव हायकोर्टात गेला म्हंते. तिथलेबी वकील बदलून राह्यले का?"

प्रेमानंद हसले. मग हसणं आवरून म्हणाले, "हाव. पण मले आता कोणतंच सरकार बदलू शकत नाही."